जास्तीचा चेहरा

१

नोव्हेंबर लागला की येडशीतल्या म्हाताऱ्यांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करून दाखवावं लागतं. तसे ते वर्षभर जिवंतच असतात. पारावर भांडतात, सुनेनं चहात साखर कमी टाकली म्हणून तोंड फिरवून बसतात, एसटीत सीटसाठी अंगावर येतात. पण एवढ्यानं भागत नाही. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला लागतो, आणि तो हल्ली मोबाईलमध्ये निघतो. मोबाईल तोंडासमोर धरायचा. तो म्हणतो, डोळे मिचकवा. आपण मिचकवायचे. पटलं तर हिरवी खूण येते. नाही पटलं तर पुन्हा मिचकवा.

ह्या कामाला गावात एकच माणूस. योगीराज गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्यावर ह्या गड्याला मोबाईलचं जे वेड लागलं, ते तरण्या पोरांनाही लाजवील असं. कुणाच्या मोबाईलचा आवाज गेला, कुणाच्या टीव्हीवर निळा पडदा आला, कुणाची शेतातली मोटार घरून चालू होईना, की चला गुरुजींच्या ओट्यावर. योगीराजची पद्धत ठरलेली. समोरच्याच्या हातातून मोबाईल काढून घ्यायचा, त्याच्याकडं पाठ करून उभं राहायचं आणि दोन मिनिटांनी परत द्यायचा. काय केलं म्हणून विचारलं तर म्हणायचा, "झालंय ना? मग?" सगळ्यांच्या मोबाईलला त्यानं कुलपाचा आकडाही एकच घालून दिलेला, म्हणजे दर वेळी विचारायची भानगड नको. अर्ध्या गावाची गुपितं त्याच्या अंगठ्याखाली होती, पण माणूस सरळ. कधी उघडून बघितली नाहीत.

बलभीम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. त्या वर्षी नोव्हेंबरभर तो योगीराजच्या ओट्याच्या कडेला बसून एकेक म्हातारा जिवंत ठरताना बघत होता.

"मिचकव की लेका," योगीराज कुणाची तरी हनुवटी वर धरून म्हणायचा. "तरुणपणी बाजारात मिचकवत हुतास तसं मिचकव."

ओटा हसायचा. बलभीम हसायचा नाही. त्याच्या बायकोचा, शिवकांताचा, दाखला राहिला होता.

शिवकांता उपकेंद्रात नर्स होती. अर्ध्या येडशीला तिनं आईच्या पोटातून बाहेर काढलेलं. जून महिन्यात एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून गळाला आणि उजवी बाजू गेली. तोंड डावीकडं ओढलं, वाचा गेली, उजवा डोळा मिटायचा बंद झाला. झोपेतसुद्धा तो उघडाच राहायचा. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यायचं ते सहा महिन्यांत परत येईल, पुढचं सांगता येत नाही. पाच संपत आले होते.

"योग्या, तिची हयात लागायला पाहिजे," बलभीम म्हणाला. "पेन्शनचं राहू दे बाजूला. ती हाय, आन कागदावर न्हाई, हे मला सोसायचं न्हाई."

"उद्या येतो," योगीराज म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

२

मंगळवारी सकाळी अकराला तो आला.

बलभीमचं घर स्टेशनच्या रस्त्याला. पुढच्या खोलीत खाट, उशाला औषधांचं स्टूल, समोर खिडकी. खिडकीपाशी वेताची एक खुर्ची. ह्या खुर्चीत बसून शिवकांतानं सव्वीस वर्षं लसीकरणाची रजिस्टरं भरली होती. जूनपासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं. बसू नका असं कुणी म्हणालेलं नव्हतं. शिवकांताला अंघोळ घालायला, जेवू घालायला प्रेमाबाई यायच्या, त्या वाळलेले कपडे खाटेवर टाकायच्या, स्टुलावर टाकायच्या, खुर्चीवर मात्र टाकत नव्हत्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"वहिनी, नमस्कार," योगीराजनं शिवकांताचाच मोबाईल हातात घेतला. "घाबरायचं न्हाई. नुस्तं मिचकवायचं."

शिवकांतानं डाव्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं आणि बलभीमचं बोट दोनदा दाबलं. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. जूनपासून नवराबायकोचं बोलणं एवढंच. श्वास घेताना तिच्या ओठांच्या ढिल्या कोपऱ्यातून बारीक शीळ निघायची. बलभीमला तिची सवय झाली होती. ती ऐकू येत नसली तर त्याला खोलीत करमत नसे.

मोबाईलमधल्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, "चौकटीत फक्त एकच चेहरा ठेवा."

"बलभीम, सरक."

बलभीम सरकला. बोट तेवढं तिच्या मुठीत ठेवलं.

"चौकटीत फक्त एकच चेहरा ठेवा."

"प्रेमाबाई, तुमी दारात व्हा."

"मी कुठं मधी हाय?" म्हणत प्रेमाबाई दारात झाल्या.

तरी तेच. योगीराजनं भिंतीवरचं तुळजाभवानीचं कॅलेंडर उतरवलं. मग लग्नाचा फोटो. मग आरसा. शेजारच्या पत्र्यावर रामलिंगाच्या देवळाकडून आलेली दोन माकडं बसली होती. "माकडाचं थोबाडबी चेहरा म्हणून धरतंय हे यडं," असं म्हणून त्यानं खिडकी लावली. खोलीत अंधारून आलं. मोबाईलमधली बाई न थकता तेच म्हणत होती.

बलभीमनं मागून वाकून पडद्यावर बघितलं. ड्रायव्हरची नजर, आरशात मागचं बघायची सवय. शिवकांताच्या चेहऱ्याभोवती एक गोल होता. आणि मागं, खुर्चीच्या पाठीच्या जरा वर, दुसरा. छोटा. खुर्चीत कुणी बसलं असतं तर तोंड जिथं आलं असतं, बरोब्बर तिथं.

"उन्हाची तिरीप आसंल," योगीराज म्हणाला. खिडकी लावलेली होती हे दोघांनाही माहीत होतं.

योगीराजनं टॉवेल घेतला आणि खुर्चीवर टाकला. दुसरा गोल गेला. "डोळे मिचकवा," मोबाईल म्हणाला.

डावा डोळा मिटला. उजवा उघडाच. पुन्हा. पुन्हा. सात वेळा झालं. शिवकांताच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं तेव्हा योगीराज म्हणाला, "थांबा वहिनी, मी मदत करतो." आणि त्यानं आपलं बोट तिच्या उजव्या पापणीवर ठेवून ती हळूच खाली ओढली.

दारातून प्रेमाबाई ओरडल्या, "गुरुजी, असं करू नका! असं मिटवत नसतेत!"

असं डोळे कुणाचे मिटवतात हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्याच क्षणी शिवकांतानं बलभीमचं बोट दाबलं. एकदा. जोरात. मग तिची मूठ सुटली.

हिरवी खूण आली. "झालं!" योगीराज म्हणाला. "लागली हयात."

टॉवेल खुर्चीखाली जमिनीवर पडलेला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बलभीम उठून बघतो तर शिवकांताचे दोन्ही डोळे मिटलेले. शांत झोपलेली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. तो खाटेच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडला, मग नाशिकला लेकीला फोन लावला. "राजेश्वरी, आईचा डोळा मिटायला लागला गं."

दुपारपर्यंत ओढलेलं तोंड जागेवर आलं. संध्याकाळी कपानं चहा दिला तर एक थेंब सांडला नाही. डॉक्टरांनी व्हिडिओवर बघून म्हटलं, अशी सुधारणा क्वचितच दिसते. धोंडप्पा, स्टेशनजवळचा किराणावाला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून स्वतः साखरेचा पुडा घेऊन आला. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाला सुतळीचा तुकडा जास्त देत नाही.

सगळं चांगलंच चाललं होतं. म्हणूनच बलभीमला नीट सांगता येईना की काय बिनसलंय.

एक तर ती बोट दाबत नव्हती. "चहा पाहिजे का?" म्हणून तो बोट तिच्या मुठीत द्यायचा. मूठ गरम असायची, आता जोरही होता, पण ती दाबायची नाही. दुसरं, शीळ बंद झाली होती. तोंड सरळ झालं तर शीळ जाणारच, हे त्यानं स्वतःला समजावलं. तिसरं त्याच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तो शेजारी वाटाणे सोलत बसला होता, आणि सोलता सोलता त्याला कळलं की बाई आपल्याकडं बघते आहे आणि मघापासून तिची पापणी लवलेली नाही. त्यानं पातेलं भरेपर्यंत वाट बघितली. मग उगीचच, गमतीनं म्हटल्यासारखं, म्हणाला, "मिचकव की."

तिनं मिचकवले. तीनदा. सावकाश, दोन्ही डोळे बरोबर. मग पुन्हा बघत राहिली.

प्रेमाबाईंना त्यानं आडून विचारलं. "बाईंचं काय बदललंय का?"

"सुधारल्यात की," प्रेमाबाई म्हणाल्या. पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "पण दादा, मला आता दुपारची पाळी नको. सकाळी येऊन अंघोळ घालून जाईन."

"का?"

"अंगाला हात लावला की आधी त्या हातपाय आखडून घ्यायच्या. लाजायच्या हो. आता काय बी करा, नुस्त्या बघत्यात."

त्याच दिवशी योगीराजनं दाखल्याची प्रिंट आणून दिली. वरच्या कोपऱ्यात शिवकांताचा मंगळवारचा फोटो. दोन्ही डोळे मिटलेले. तोंड सरळ.

"योग्या, मंगळवारी तोंड वाकडं हुतं तिचं."

"आजकालचे कॅमेरे चेहरा चांगला करून घेतेत आपोआप. माझ्या फोटोत मला केस येतेत."

"आन तुझं बोट? पापणीवर तुझं बोट हुतं."

योगीराजनं कागद हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बराच वेळ बघितलं. "काढलं आसंल आपोआप," तो म्हणाला. कागद त्यानं उलटा करून स्टुलावर ठेवला.

४

शिवकांताचा मोबाईल औषधांच्या स्टुलाला टेकवून उभा ठेवायची बलभीमची सवय. शुक्रवारी दुपारी तो जेवत असताना मोबाईलचा पडदा आपोआप उजळला आणि कुलूप उघडल्याचा टक्‌ असा आवाज आला. बलभीमनं घास हातात धरून बघितलं. मोबाईल खुर्चीकडं तोंड करून उभा होता.

गाडीत कसलाही आवाज आला तरी बलभीम घाबरायचा नाही. आवाज आला म्हणजे काहीतरी ढिलं झालंय, शोधायचं. त्यानं हात धुतले आणि शोधायला घेतलं. मोबाईल बंद केला, खाटेपाशी गेला, शिवकांताच्या तोंडासमोर धरला. चेहरा जुळत नाही. पुन्हा. जुळत नाही. वळून खुर्चीकडं धरला. टक्‌. उघडला. बंद केला, भिंतीकडं धरला. काही नाही. दाराकडं, काही नाही. स्वतःकडं, काही नाही. खुर्चीकडं, टक्‌.

असं त्यानं नऊ वेळा केलं. खाटेवरून दोन डोळे त्याचा हात जाईल तिकडं फिरत होते.

तो मोबाईल घेऊन धोंडप्पाच्या दुकानात गेला. योगीराज तिथंच बाकड्यावर शेंगा खात होता.

"काय करलालास रे दिवसभर? दिसंना झालास," धोंडप्पा म्हणाला.

"खुर्चीला मोबाईल दाखवला की कुलूप उघडलालंय."

"कसलं कुलूप?"

"मोबाईलचं. शिवकांताच्या."

"माझ्या फ्रीजला दाखवून बघ," धोंडप्पा म्हणाला. "उघडला तर एक आईस्क्रीम काढून घे."

योगीराज हसला, पण शेंगा खायचा थांबला. "आरं, साधं हाय. जूनमधी वहिनींच्या तोंडानं मोबाईल उघडंना झाला तवा म्या त्यात वाकडा चेहरा नव्यानं बसवला हुता. आता तोंड सरळ झालं, मग कसा जुळंल?"

"आन खुर्ची?"

"बावचळलाय तो. जास्तीचा चेहरा अडकून बसलाय त्यात. तो काढतो, वहिनींचा आत्ताचा सरळ चेहरा बसवतो. आण इकडं."

त्यानं सवयीनं हात पुढं केला. बलभीमनं सवयीनं मोबाईल दिला. योगीराज पाठ करून उभा राहिला, आणि मग बलभीमच्या मनात कुठून काय आलं, त्यानं खांद्यावरून हात घालून मोबाईल परत ओढला.

"आरं?"

"योग्या, काढला म्हणजे जातो कुठं तो चेहरा?"

"जातो कुठं म्हणजे? पुसला की पुसला."

"परत आणता येतो?"

"न्हाई. कशाला आणायचा?"

बलभीमनं मोबाईल सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला. "राहू दे," तो म्हणाला.

"ह्याला झोप पाहिजे," त्याच्या पाठीमागं धोंडप्पा योगीराजला म्हणाला. "पाच महिने जागलाय बिचारा."

हे खोटं नव्हतं. घरी जाताना बलभीम स्वतःशीही तेच म्हणत होता. झोप पाहिजे. बायको बरी होत आली आहे आणि आपण खुर्चीशी खेळत बसलोय. रुळाजवळ तो थांबला, मालगाडी जाऊ दिली. डब्यामागून डबा जात होता आणि त्याच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. खाटेवरची बाई खाते, पिते, सांगितलं की डोळे मिटते. खुर्ची रिकामी आहे. मग घरात पाऊल टाकल्यावर आपली नजर आधी खुर्चीकडं का जाते?

५

शनिवारी प्रेमाबाई गेल्यावर त्यानं जमिनीवर, खुर्चीच्या बाजूला बैठक मारली. खाटेकडं पाठ केली. मोबाईलचा कॅमेरा चालू करून समोर धरला.

पडद्यावर खुर्ची. वेताची वीण, एका हाताची सुटलेली पट्टी. त्यावर चेहऱ्याची चौकट आली. ती थरथरत होती, दम लागलेल्या माणसाचं डोकं हलतं तशी. मग ती खाली झुकली. त्याच्याकडं.

बलभीमनं मोबाईल थोडा बाजूला केला आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. खुर्चीत कुणी नव्हतं. पण वेताची बैठक मधोमध दबलेली होती. जूनपासून कुणी बसलं नव्हतं. त्याला एवढ्या वर्षांत सीटच्या स्प्रिंगा माहीत झाल्या होत्या. दबलेली सीट आणि माणूस बसलेली सीट ह्यांत फरक असतो. बसलेली सीट बारीक बारीक हलत राहते. ही हलत होती.

त्यानं बोट खुर्चीच्या हातावर ठेवलं.

"शिवकांता?"

काही झालं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. माकडांनी पत्र्यावर उडी मारली. आपण काय करतोय हे बाहेरून कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसू फुटणार एवढ्यात बोटाभोवती गार, ओलसर, हलकं काहीतरी गुंडाळलं गेलं. दाबलं. एकदा. सुटलं. मग पुन्हा एकदा. दोनदा म्हणजे हो.

कानाशी शीळ ऐकू आली. ओठांच्या ढिल्या कोपऱ्यातून येते तशी.

बलभीमला भीती अजून यायची होती. त्याला एकदम मंगळवार आठवला. योगीराजचं बोट, प्रेमाबाईंची ओरड, आणि तिनं एकदाच, जोरात दाबलेलं. ती नाही म्हणत होती. आपण तिचा हात धरून होतो आणि ती नाही म्हणत होती, आणि आपण दाखला निघतोय म्हणून पडद्याकडं बघत होतो.

"तू हितं कशी बसलीस गं?" तो पुटपुटला. "मग तिथं कोण हाय?"

"बलभीम," खाटेवरून आवाज आला.

स्वच्छ आवाज. पाच महिन्यांनी पहिला शब्द. शिवकांताचाच गळा, पण त्यात सर्दी नव्हती, थकवा नव्हता, कसलीच खरखर नव्हती. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यात तिनं नवऱ्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. अहो, नाही तर राजेश्वरीचे पप्पा.

तो वळला. ती उठून बसली होती. कुणी न उठवता.

"ते खाली ठेव," ती म्हणाली.

६

रविवारी सकाळी सगळ्यांना कळलं की नर्सबाई बोलायला लागल्या. राजेश्वरी सोमवारी सकाळी पोचणार होती. योगीराज आणि धोंडप्पा कुंथलगिरीचे पेढे घेऊन हजर. बलभीम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, दाढी वाढलेली, हात खिशावर.

"पहिला शब्द काय बोलल्या?" धोंडप्पानं विचारलं.

"माझं नाव."

"नाव?" धोंडप्पा मांडीवर थाप मारून हसला. "आरं, उखाण्याशिवाय नाव घेतलं का? वहिनी, आजारपणानं धीट झालाव तुमी!"

वहिनी हसल्या. दोन्ही ओठ सारखे उचलले गेले.

"दोन पावलं टाकून बघा वहिनी," योगीराज म्हणाला. "डॉक्टर म्हणतेत, लवकर चालवा. आमी धरतो."

बलभीम "नको" म्हणाला, पण कुणाला उद्देशून हे त्यालाच ठरवता आलं नाही, आणि एवढ्यात त्या दोघांनी तिला दोन बाजूंनी दंडाला धरून उभं केलं होतं. ती उभी राहिली. पाय टाकला. मग दुसरा. उजवा पाय न ओढता.

"वा! कुठं जायचं बोला," योगीराज म्हणाला. "दाराकडं?"

"बसायचं आहे," ती म्हणाली. "खुर्चीत."

बलभीमला सगळं एकदम कळलं. खाट हिनं घेतली. आता खुर्ची. खोलीत शिवकांताला बसायला तेवढीच जागा उरली होती, आणि त्याचे दोन जिवाभावाचे दोस्त दोन दंड धरून तिकडंच घेऊन निघाले होते.

"तिथं नको!" तो ओरडला. "योग्या, तिथं न्हाई!"

"आरं तिचीच खुर्ची हाय की."

चार पावलं राहिली. तीन. काय सांगणार होता बलभीम? कुणाला, आणि कोणत्या शब्दांत? तो धावला आणि तिच्या आधी धपकन खुर्चीत बसला.

वेत करकरला. मग पाठीमागून, अगदी अंगाला लागून, एक हलका हात त्याच्या छातीवरून आला, एकच, डावा, आणि त्याच्या सदऱ्याला घट्ट धरून राहिला. कानाच्या मागं शीळ. जोरजोरात, भेदरलेल्या जनावरासारखी. बलभीमनं आपला हात त्यावर ठेवला. हाताखाली सदरा होता, आणि सदऱ्यावर पाच बोटांनी पडतात तशा सुरकुत्या.

"बायकोची जागा अडवून बसलालाय बघा," धोंडप्पा हसत म्हणाला. "काय माणूस हाय!"

ती त्याच्या समोर येऊन थांबली. "उठ," ती म्हणाली.

"थांबा, थांबा, असंच राहा," योगीराजनं तिचा दंड सोडून आपला मोबाईल काढला. तो सोडल्यावरही ती तशीच ताठ उभी राहिली. "बलभीम बसलेला, वहिनी उभ्या. राजेश्वरीला पाठवतो."

त्यानं मोबाईल वर धरला. हसत होता. पडद्याकडं बघून त्यानं अंगठा उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. एकदा त्यानं मोबाईलवरून मान वर काढून बलभीमच्या खांद्यामागं बघितलं. पुन्हा पडद्याकडं. मग मोबाईल हळूच उभ्या असलेल्या वहिनींकडं वळवला, आणि तिथं त्याला जे दिसलं, किंवा दिसलं नाही, त्यानं त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. विभूती लावलेल्या धोंडप्पापेक्षा पांढरा झाला तो.

"योग्या," बलभीम म्हणाला. "दिसलं का तुला? काय तरी कर. तुला समदं येतंय."

योगीराजनं मोबाईल छातीशी उलटा धरला.

"हे मला न्हाई जमायचं, बलभीम," तो म्हणाला.

त्यानं धोंडप्पाचा हात धरला आणि त्याला ओढत बाहेर नेलं. धोंडप्पा वळून वळून म्हणत होता, "आरं, त्या एकट्या उभ्या हायत, पडतील, चहा तरी..." मग दोघांच्या चपला रस्त्यावर वाजल्या, भराभरा, आणि वाजायच्या बंद झाल्या.

पेढ्यांचा डबा खाटेवर उघडाच होता. खोलीत उन्हाचा पट्टा भिंतीवरून जमिनीवर आला, जमिनीवरून खाटेवर चढला. दुपारची गाडी गेली. ती समोर उभी होती. पापणी लवत नव्हती. बलभीमला माहीत होतं, आपण म्हटलं तर ती मिचकवेल. पण तो म्हणाला नाही. पाठीमागची शीळ आता जरा संथ झाली होती. सदऱ्याची पकड सुटली नव्हती. शिवकांताला तो सांगत होता, आवाज न करता, की मी उठत नाही. राजेश्वरी येईपर्यंत नाही. आणि ती आल्यावर तिला काय सांगायचं ते मी बघतो.

बसायची त्याला सवय होती. बत्तीस वर्षं त्यानं बसूनच काढली होती.

समोरच्या बाईचे पाय मात्र नवे होते. दमायचं काय असतं हे त्यांना अजून माहीत नव्हतं. चार वाजायला आले होते, आणि बलभीमच्या कमरेत पहिली कळ उठली होती.